दुसरा गवाह

मुनाफ सरांवर लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. ही गोष्ट पुरती माहीत असलेली माणसं दोनच, एक सर आणि दुसरा मी, आणि दोघांनीही इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. परवा आमच्या कॉलेजची जाडजूड स्मरणिका हाती आली. तीत संस्थापकांच्या पुतळ्यापासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांचे फोटो आहेत, प्राचार्यांचे तर पानोपानी आहेत, आणि मुनाफ सरांचं नाव शोधूनही सापडत नाही. मी शोधलं. शोधायचं कसं हे त्यांनीच शिकवलं होतं.

कॉलेज अमरावतीचं. ग्रंथालयाच्या माळ्यावर पत्र्याखाली एक खोली, तीत सहा संगणक, आणि दारावर 'इंटरनेट विभाग' अशी पाटी. हा अख्खा विभाग म्हणजे मुनाफ सर. ते अकोल्याच्या जुन्या शहरातले. रोज सकाळी अकोल्याहून निघायचे, संध्याकाळी परत. नेमणूक कराराची, दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा आणि प्राचार्यांच्या दारासमोरच्या बाकावर बसून राहायचं. उंच, किंचित पोक आलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं लिहायला आणि लाल खोडायला. लाल आधी संपायचं.

स्टाफरूममध्ये त्यांना कोणी सर म्हणत नसे. प्राध्यापक मंडळी 'मुनाफभाई, तेवढं प्रिंट काढून द्या' म्हणायची आणि मुनाफभाई प्रिंट काढून देताना 'हे कोनं लिहिलं आहे, साहेब?' असं विचारायचे. म्हणून मंडळी हळूहळू बाहेरच्या सायबर कॅफेत जाऊ लागली. तिथे कोणी काही विचारत नसे.

सकाळी आल्या आल्या ते सहाही संगणक उघडत आणि आदल्या दिवशीच्या पोरांनी करून ठेवलेली घाण काढत. कोणी पडद्याच्या माथ्यावर टूलबारच्या तीन-तीन पट्ट्या बसवून ठेवलेल्या असत, कोणाच्या कृपेने ब्राउझर उघडताच अभिनंदन, तुम्ही जिंकलात अशी पाटी लुकलुकत असे. सर ते सगळं उपटून टाकत आणि सुरुवातीचं पान कोरं करून ठेवत. पांढरं फटक. आम्हाला ते विचित्र वाटायचं. त्यांचं म्हणणं असं की पहिले तुम्ही सवाल आणा, मग दार उघडा. दार उघडल्यावर समोरचाच बोलायला लागला तर तुमचा सवाल तुम्ही विसरता.

आमच्यापैकी बहुतेकांना पडद्यावरचं ते ब्राउझरचं निळं 'e' अक्षर म्हणजेच इंटरनेट वाटायचं. सरांनी सहाही यंत्रांवर आणखी एक ब्राउझर घालून ठेवला होता. कॉलेजची लाइन मुंगीच्या पावलाने चालायची म्हणून तो त्यांनी अकोल्याहून सीडीवर आणला, तर प्राचार्यांना कोणीतरी सांगितलं की मुनाफभाईंनी व्हायरस आणला. त्यावरून त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. आम्हाला त्यांनी खुलासा दिला तो असा.

"हे अक्षर म्हंजे इंटरनेट नाही, बेटा. हा ऑटो आहे. राजापेठच्या चौकात पहिला उभा आहे म्हणून त्याच्यातच बसाचं का? ब्रेक पाहाचा. रस्त्यात तो कोनाच्या दुकानासमोर थांबते, ते पाहाचं. अन् जमलं तर दुसऱ्या ऑटोनं जाऊन पाहाचं, तेच घर लागते का."

आणि खरोखरच ते आम्हाला एकच पान दोन्ही ब्राउझरांतून उघडायला लावत. एकात जे पान साधं दिसे ते दुसऱ्यात उघडताना खिडक्यांवर खिडक्या उडवायचं. कुठली खिडकी आपण मागवली आणि कुठली आपल्या गळ्यात पडली, हे कळायला लागलं.

पण त्यांचं खरं दैवत म्हणजे रजिस्टर. लांबोळकं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. त्यात पाच रकाने आखलेले : नाव, सवाल, पहिला गवाह, दुसरा गवाह, शेरा. सवाल लिहिल्याशिवाय खुर्ची मिळत नसे. एका पोराने सवालाच्या रकान्यात नुसतं 'कपाशी' लिहिलं, तर सरांनी लाल पेनाने त्यावर काट मारली आणि म्हणाले, कपाशी हा सवाल नाही, पीक आहे, कपाशीचं काय ते लिही. उत्तर मिळालं की ते कुठल्या दोन ठिकाणी मिळालं त्याचे पत्ते दोन रकान्यांत लिहायचे. सर ते दोन्ही पत्ते स्वतः उघडून बघत, वाचत, आणि मग प्रिंटवर रबरी शिक्का मारत : 'दोन गवाह पाहिले'. शिक्का त्यांनी स्वतःच्या खर्चाने करून घेतला होता. पोरं त्यांना पाठीमागे गवाह सर म्हणायची, आणि त्यांना ते माहीत होतं.

हे गवाह प्रकरण त्यांच्या वडिलांकडून आलेलं. वडील जुन्या शहरात निकाहनामे लिहायचे. निकाहाला दोन साक्षीदार लागतात. एकदा म्हणे भर मांडवात सह्या चालू असताना वडिलांनी दुसऱ्या साक्षीदाराला विचारलं, तुम्ही काय ऐकलंत? तो बिचारा बिर्याणीच्या देगीपाशी उभा होता, ऐन वेळी हाताला धरून आणलेला. वडिलांनी लेखणी खाली ठेवली. वऱ्हाडी खोळंबले, नवरदेवाचा मामा अंगावर धावून आला, पण म्हातारा हलला नाही. सगळं पुन्हा बोलायला लावलं, त्या माणसाला समोर बसवून. सर ही गोष्ट दर वर्षी नव्या पोरांना सांगत आणि शेवटी वडिलांचं वाक्य सांगत : "जिसने सुना नहीं, वो गवाह नहीं." ते वाक्य सांगताना त्यांचा आवाज कडक व्हायचा. मी ते तीन वर्षं तीनदा ऐकलं.

वंदना आमच्याच वर्गात होती, बी.एस्सी.ला. भातकुलीकडच्या एका गावातली, वडील लहानपणीच गेलेले, आई स्वतः शेती पाहायची. मजूर लावायची, व्यापाऱ्याशी भावाचं बोलायची, आणि बाजाराच्या दिवशी पोरीसाठी डबा घेऊन अमरावतीला यायची. वंदनाला एम.एस्सी. करायचं होतं. गावात तोवर कोणी पोरगी तिथवर गेलेली नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी ती सायबर कॅफेतून आली ती पांढरीफटक पडून. दोन विषयांत नापास. सरांनी तिला खुर्चीत बसवलं, ते पान उघडायला लावलं आणि पत्त्याखाली बोट ठेवायला सांगितलं. सुरुवातीच्या दोन जोडरेघा सोड, पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागे मागे वाच, उजवीकडून. माझी अम्मी उर्दू उजवीकडूनच वाचते, तुला काय जड जातं, असं वर म्हणाले. ती मागे मागे वाचत गेली. विद्यापीठाचं नाव पत्त्यात होतं, पण पुढे, शोभेला. घर भलत्याचंच होतं. सरांनी म्हटलं, घराचं नाव शेवटी असतं, पुढचं सगळं तोरण. मग खऱ्या पानावर पाहिलं तर पहिला वर्ग. दुसरी एखादी रडली असती. वंदनाने विचारलं, "पण सर, त्या मानसानं हे पान काहून बनवलं?"

 कोणी लिहिलं आणि कधी लिहिलं हे सर आम्हाला विचारायला शिकवत होते. का लिहिलं हे तिने स्वतःहून विचारलं होतं. तोवर ते वर्गात 'इंगळेसारखं शोधा' म्हणायचे. इंगळे म्हणजे मी, आणि माझा हात खरोखर जलद होता. त्या दिवसापासून ते 'वंदनासारखं विचारा' असं म्हणायला लागले. मला ते झोंबलं. आज लपवण्यात काय अर्थ आहे?

ती वर्षं कशी होती हे बाहेरच्यांना पेपरातून माहीत आहे. आमच्याकडे तेव्हा पाहुण्यांचं पीक आलं होतं. दिल्ली-मुंबईच्या गाड्या गावोगाव फिरत, आणि आमच्या कॉलेजनेही शेतीच्या संकटावर एक चर्चासत्र भरवलं. बाहेरून आलेल्या एका विद्वानांनी आमच्याच जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा एक भलामोठा आकडा पडद्यावर दाखवला. सभागृहातून च्च च्च झालं. मागच्या रांगेत मुनाफ सर उठले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले की, साहेब, हा आकडा कोनं मोजला? विद्वानांनी एका संकेतस्थळाचं नाव घेतलं. सर म्हणाले, त्यांनी तो दुसरीकडून घेतला आहे, आणि त्या दुसऱ्यांनी आपल्या मागच्या वर्षीच्या भाषणातून. मी तिन्ही पानं उघडून पाहिली, साहेब. म्हणजे तुमचे गवाह तुम्हीच. माणसं आमची मरून राहिली साहेब, निदान मोजा तरी नीट.

टाळी एकच वाजली, वंदनाची. प्राचार्य व्यासपीठावर बसून पाण्याचा पेला बघत होते. त्यांनी त्या दिवशीच सरांचा पुढच्या जूनचा अर्ज मनातल्या मनात फाडला असणार. फक्त निमित्त हवं होतं, आणि ते मी पुरवलं.

शेवटचं वर्ष सुरू झालं होतं. त्या हंगामात पावसाने उघडीपच दिली नाही. कपाशीत तण गुडघ्याला आलं आणि निंदणाला बाया मिळेनात. वंदनाच्या आईने कोणा दुकानदाराकडून तणनाशकाची बाटली आणली. तो म्हणाला, बिनधास्त मारा. आईचा दुकानदारावर विश्वास नव्हता. तिने पोरीला निरोप दिला, तुमच्या त्या शिक्केवाल्या सरांना विचार, उभ्या कपाशीवर हे चालतं का. पोरीच्या निकालाची गोष्ट तिने गावभर केलेली होती. शिक्का असेल तर मारते, नसेल तर नाही मारत, इतकं साधं होतं ते.

वंदनाचं त्या सकाळी प्रॅक्टिकल होतं. ती बाटलीवरचं औषधाचं नाव कागदावर लिहून माझ्याकडे देऊन गेली. दुपारच्या बसने तिला तो प्रिंट गावी पोचवायचा होता. भारनियमनाचे दिवस, अकराला वीज जाणार हे ठरलेलं. मी दहाला बसलो. पहिलं पान लगेच सापडलं, इंग्रजीत, स्वच्छ लिहिलेलं : कपाशीच्या उभ्या पिकावर फवारता येतं. मी खुश. दुसरा गवाह शोधायला अर्धा तास हाताशी होता. तो अर्धा तास मी नागपूरच्या एका मुलीशी चॅट करण्यात घालवला, जी मुलगी होती की नाही देव जाणे. अकराला पाच कमी असताना मी पहिल्या पानाचा प्रिंट काढला, रजिस्टरच्या चौथ्या रकान्यात कृषी विद्यापीठाचा पत्ता लिहिला आणि त्यापुढे माझ्या डोक्यातून एक शेपूट जोडलं. पत्ता अगदी खऱ्यासारखा दिसत होता. उजवीकडून वाचला तरी घर खरंच होतं. मला तेवढं चांगलं शिकवलेलं होतं.

मग वीज गेली. बारा वाजता वंदना आली, बस साडेबाराची. सरांनी रजिस्टर पाहिलं, काळ्या पडद्यांकडे पाहिलं. उघडून बघता येत नव्हतं. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू पाह्यलं ना, इंगळे?"

मी म्हणालो, "हो सर."

त्यांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजला आले नाहीत. त्यांनी त्याआधी कधी रजा घेतलेली मला आठवत नाही. माळ्याला कुलूप होतं आणि आम्ही खाली कॅन्टीनमध्ये मजेत बसलो.

आठ-दहा दिवसांनी वंदनाची आई आली. बाजाराचा दिवस नव्हता. तिच्या एका हातात वाळून करपलेली कपाशीची झाडं होती, मुळासकट उपटलेली, आणि दुसऱ्या हातात तो प्रिंट. ती थेट प्राचार्यांच्या खोलीत गेली. प्राचार्यांनी तिथल्या तिथे चौकशी समिती बसवली, सरांना बोलावलं, आणि शोधणारा विद्यार्थी म्हणून मलाही. मातीचे ढेपळे काचेच्या टेबलावर सांडलेले होते. शेतीच्या एका प्राध्यापकांनी प्रिंट वाचून सांगितलं की यात लिहिलं आहे ते खोटं नाही, पण हे परदेशातल्या कपाशीबद्दल आहे. ते वाण हे औषध सहन करायला मुद्दाम बनवलेलं असतं. आपल्या वाणाला हे म्हणजे विष. दुसरं कुठलंही पान उघडलं असतं तरी कळलं असतं.

वंदनाच्या आईला वाणाशी देणंघेणं नव्हतं. ती रडली नाही, ओरडली नाही. टेबलावरचा कागद तिने बोटाने पुढे सरकवला. "म्या दुकानदाराचं आयकलं नाही. म्या या शिक्क्याचं आयकलं. हा शिक्का कोनाचा आहे?"

"माहा आहे," सर म्हणाले.

प्राचार्यांनी रजिस्टर मागितलं. मी जमिनीकडे बघत होतो. चौथ्या रकान्यातला पत्ता कोणी उघडला असता तर मी संपलो असतो. सर म्हणाले, रजिस्टर सापडत नाही, पत्रा गळतो, भिजलं असेल. प्राचार्यांना रजिस्टर नकोच होतं. त्यांना शिक्का पुरेसा होता. त्या आठवड्यात करार संपवला. सरांनी जाताना सहा संगणकांची सुरुवातीची पानं कोरी केली की नाही, मला माहीत नाही. मी वर गेलोच नाही. पुढल्या महिन्यापासून तिथे अभिनंदन, तुम्ही जिंकलात पुन्हा लुकलुकायला लागलं.

वंदना दिवाळीनंतर परत आली नाही. शेतात कपाशीच नव्हती, तर खोलीचं भाडं आणि परीक्षेची फी कशातून निघणार? मार्चमध्ये तिचं लग्न झाल्याचं कळलं, दूर कुठे तरी वाशीमकडे. एम.एस्सी. आमच्या वर्गातून मी केलं.

आता मी पुण्यात असतो. एका कंपनीचं शेतीविषयक संकेतस्थळ आहे, त्यासाठी मराठी मजकूर लिहितो. तणावर सहा उपाय, अळीवर आठ उपाय. आठवड्याला ठरलेले लेख पाडायचे असतात. नाव द्यायची पद्धत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी अकोल्याला गेलो होतो. दुपारी मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात शिरलो आणि एका गल्लीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान दिसलं. आत मुनाफ सर. दाढी पांढरी झाली होती, पोक वाढलं होतं. खिशात दोन पेनं होती. समोरच्या संगणकावर कोरं पान उघडं होतं. त्यांनी मला एका क्षणात ओळखलं आणि स्टूल पुढे केलं. चहा सांगितला. कोणाचीच चौकशी केली नाही.

मी इतक्या वर्षांत शंभरदा मनात घोळवलेलं बोलून टाकलं. दुसरा पत्ता मी उघडलाच नव्हता, सर. मनाने लिहिला होता. बोलताना मला वाटत होतं की आता ते दचकतील, चिडतील, निदान माझ्याकडे बघतील.

"मालूम आहे," ते म्हणाले. "त्याच दिवशी तीन वाजता लाइट आली. मी पाह्यलं. तसं पानच नव्हतं. गावात फोन लावला, कोनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेलो. वावरात पोचलो तवा तिची माय हातपाय धुऊन राहिली होती. फवारणं झालं होतं."

म्हणजे ती रजा. मी विचारलं, मग त्या दिवशी रजिस्टर का दाखवलं नाहीत?

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुह्यासाठी नाही. शिक्का माहा होता. मी आयकलं नव्हतं अन् गवाही देली. माह्या बापानं मांडव थांबवला होता. मले एक बस थांबवता आली नाही." मग म्हणाले, "तीन वर्षं मी तुमाले सांगत राह्यलो, पान कोनाचं आहे ते पाहा. तू कोन आहे, ते मी पाह्यलंच नाही."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते चूक कबूल करतात तशा सुरात म्हणाले, आणि त्यांच्या लेखी ती चूक मी होतो.

काही तरी बोलायचं म्हणून मी माझं काम सांगितलं, आणि मूर्खासारखा अभिमानाने संकेतस्थळाचं नावही सांगितलं. सरांनी ते टाइप केलं. माझाच एक लेख वर होता, कपाशीतल्या तणाबद्दल. त्यांनी पत्त्याखाली बोट ठेवून उजवीकडून वाचलं. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं. मग हळूहळू खाली, अगदी तळापर्यंत गेले आणि पुन्हा वर आले.

"हे कोनं लिहिलं?"

आमची टीम असते सर, मी म्हणालो.

 त्यांनी त्या पानाचा प्रिंट काढला, खिशातलं निळं पेन काढलं आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवले. कागदाच्या तळाशी कोऱ्या जागेवर त्यांचं बोट होतं. नाव लिहायला एवढीशी जागा पुरते.

तेवढ्यात एक कॉलेजची मुलगी दारात आली. तिला स्कॉलरशिपचं काही तरी पाहायचं होतं. ये बेटा, सर म्हणाले, पहिले सवाल सांग. त्यांचं बोट कागदावरून हललं नव्हतं.

मी पेन उचललं, टोपण काढलं, आणि परत लावलं. म्हणालो की अमरावतीची बस सुटेल, निघायला हवं. अकोल्याहून अमरावतीला दिवसभर थोड्या थोड्या वेळाने बस असते. सर इतकी वर्षं त्याच रस्त्याने जात-येत होते. ते फक्त म्हणाले, "जा."